पेवातला वास

माघ वद्य ९, शके १७८६
बोरखेड, अकोटाजवळ

हाजराबी,

हे पत्र तुझ्या भावाकडून, शफीकभाईंकडून, वाचून घे. बोल माझे आहेत, हात पंतोजींचा आहे. पंतोजी माझं बोलणं शाळेतल्यासारखं सरळ करून लिहितात, पण माणसांच्या तोंडचे शब्द जसे निघाले तसेच ठेवा, असं मी त्यांना सांगितलं आहे.

तू मला न भेटता अमरावतीला माहेरी गेलीस. आमच्याकडे कामाला असलेली पार्बता सांगत होती, लेकीला कडेवर घेऊन मागच्या वाटेनं गेलीस म्हणून. बरं केलंस. भेटून तरी काय बोललो असतो आपण?

त्या दिवशी तू अकोटच्या बाजारात होतीस. परत आलीस तोवर तुझ्या नवऱ्याला, वाहेदभाईला, ठाण्याची माणसं घेऊन गेली होती. लोकांनी तुला काय काय सांगितलं असेल कोण जाणे. घडलं ते असं. आमचे धनी (नाव मी घेत नाही, पंतोजींनी आपल्या मनानं लिहावं: चंद्रभान) आमच्या अंगणातल्या पेवात, धान्य ठेवायच्या त्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, केळी काढायला उतरले आणि तिथेच मेले. त्यांच्यामागे आमचा सालदार नत्थुजी उतरला, तोही मेला. मग तुझा नवरा उतरला, आणि जिवंत वर आला.

रामभाऊजी, माझे धाकटे दीर, इथे शेजारीच बसले आहेत. ते पंतोजींना म्हणतात, शेवटची ओळ मोठ्या अक्षरात लिहा.

वाहेदभाईच्या गाठोड्यात निळ्या काचेची एक लहान बाटली निघाली. भाऊजींनी तिचं बूच काढलं आणि अंगणात पुन्हा तोच वास सुटला, पेवातून येत होता तोच, पिकल्या केळ्यांचा. जवळ केळं एकही नव्हतं. जमलेल्या बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. सासूबाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. भाऊजी म्हणाले, “हेच ते जहर. पेवात टाकलं अन् माह्या भावाले संपवलं. असा वास फळाचा असते काय कवा?”

मी काय सांगू? तेव्हापासून माझ्या नाकातून तो वास जात नाही. पीठ मळताना तोच, गोठ्यात शेण काढताना तोच. अंघोळ करते, डोक्यावर पाणी ओतते, तरी तोच.

हाजराबी, ती बाटली कशाची? तुला ठाऊक असेल तर कळव. हे मी विचारते आहे, भाऊजी नव्हे.

अजून बोलायचं होतं. पण आज एवढंच.

मनकर्णा


माघ वद्य १४
बोरखेड

हाजराबी,

भाऊजी आज बाटली घेऊन ठाणेदाराबरोबर अकोल्याला गेले आहेत. म्हणून दार लोटून पंतोजींना बसवलं आहे. ते घाबरतात. मी म्हटलं, “तुमी लिवा, पाप मले लागू द्या.”

तुझं उत्तर आलं. एकच ओळ. ‘माझ्या माणसाने कोणाला मारलेलं नाही.’ बाटलीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तुला ठाऊक नसावं असं मी धरते.

आता मागच्या पत्रात जे सांगता आलं नाही ते सांगते. मी तिथेच होते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. पण मला कोणी विचारलंच नाही. ठाणेदार आला तेव्हा मला आतल्या खोलीत कोपऱ्यात बसवलं होतं, बांगड्या फोडत होते.

तुला माहीत आहे, समुद्रापलीकडे कुठली तरी लढाई लागली आणि आपला कापूस सोन्याचा झाला. साऱ्या गावानं वावरं पऱ्हाटीनं भरली, ज्वारी कोणी पेरली नाही. त्यामुळे आमचं पेव, सासऱ्यांच्या वेळेपासून कधी रिकामं न राहिलेलं, रिकामं पडलं. आणि तिकडे मूर्तिजापूरच्या बाजूला आगगाडीची लोखंडी सडक बांधतात त्या तळावर साहेबांना रोज फळं लागतात. तुमची केळीची बाग, आमची गाडी आणि बैल. दोघांनी भागी केली ती अशी. वाहेदभाई आपल्या खोलीत धूर देऊन केळी पिकवत होता, ते नीट चाललं होतं. मग एकदा हे तळावरून परत आले ते तोंड पाडून. म्हणाले, खूप माल पाहिजे आहे, आणि लवकर. खोलीत मावणार नाही एवढा.

पेवाची कल्पना ह्यांची. मी ओट्यावर तुरी पाखडत होते, शब्द न शब्द ऐकला आहे.

वाहेदभाई म्हणाला, “पेव नको चंद्रभानभाऊ. खोली बरी. पेवाले खिडकी नाई.”

हे हसले. “खिडकी काहून पाह्यजे? केळ्याले काय बाहेर पाह्याचं हाये?”

घड खाली उतरवले. मडक्यात गोवऱ्या धुमसत ठेवल्या, वर फरशी टाकली, कडा मातीनं लिंपल्या. उघडलं त्या सकाळी काय वास सुटला, हाजराबी! गल्लीच्या टोकापर्यंत. पोरं धावत आली. मी स्वतः पेवाच्या तोंडाशी वाकून तो वास छातीत भरून घेतला. मला काही झालं नाही. म्हणून तर मला आजही कळत नाही.

वाहेदभाई म्हणाला होता, आजचा दिवस तोंड उघडं राहू द्या. पण गाडी जुंपलेली होती. हे म्हणाले, धान्य असतं तर थांबलो असतो, धान्याचं पेव मारतं. यात काय आहे? आपल्या गावात सगळे हेच मानतात. हे दोर धरून उतरले. वरच्यावरचे घड टोपलीत घालून दिले. खालून आवाज आला, “अवं, इथी त अत्तराचं दुकान हाये!”

मग तळाचे घड उचलायला वाकले असतील. पोतं पडावं तसा आवाज झाला.

मी हाक मारली. नत्थुजीनं “मालक!” म्हणून जी उडी घेतली ती घेतलीच. त्याचा तर आवाजही आला नाही. पार्बता, त्याची बायको, तिथेच उभी होती, हातात शेणाची पाटी घेऊन.

तेव्हा वाहेदभाईनं गाडीचा दोर सोडून कमरेला बांधला. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “वहिनी, सोडू नका. मी हिसका देईन तवा ओढा.” छाती भरून श्वास घेतला आणि उतरला. हिसका आलाच नाही. दोर नुसता जड झाला. मी आणि पार्बता दोघी पेवाच्या काठाला पाय रोवून ओढत राहिलो. तो वर आला तेव्हा ओठ जांभळे पडले होते, तोंडातून फेस येत होता. उजव्या मुठीत ह्यांच्या धोतराचा फाटका तुकडा होता. ती मूठ आम्ही दोघींनी मिळून उघडली.

लोक त्यानंतर जमले. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की दोघं खाली मेलेले आहेत आणि बागवान वर जिवंत पडला आहे.

हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, “देखावा होता वैनी तो. तुमाले काय समजते?” मग बाटली पुढे केली. बाटली पाहिली की माझी जीभ बसते. तोच वास आहे गं तिच्यात. अगदी तोच. केळ्याशिवाय केळ्याचा वास बाटलीत कसा भरला, आणि कशासाठी भरला? मी ज्याला ओढून काढलं त्यानंच माझं घर बुडवलं असेल तर? रात्रंदिवस हेच. एकदा वाटतं तो निर्दोष आहे, एकदा वाटतं मीच मूर्ख आहे.

दोघांची प्रेतं गळ टाकून वर काढल्यावर भाऊजींनी पेवावर पुन्हा फरशी लिंपली आहे. राहिलेली केळी आतच आहेत. तहसीलदार येऊन पाहणार आहेत.

मनकर्णा


फाल्गुन शुद्ध ७
बोरखेड

हाजराबी,

पंतोजींचा हात आज माझ्या मागे धावतो आहे. काल आमच्या अंगणात जे झालं ते तुला सगळ्यांच्या आधी माझ्याकडून कळलं पाहिजे.

तहसीलदार आले, ठाणेदार आला, वाहेदभाईला हात बांधून आणलं. वाळला आहे. दाढी वाढली आहे. आणि अकोल्याच्या दवाखान्यातले डॉक्टर वामनराव आले, मुंबईला शिकलेले, वयानं आपल्या शफीकभाईएवढे. बरोबर लाकडी पेटी. मी दाराआड उभी होते. पार्बता उंबऱ्याबाहेर बसली होती. ती कोणाच्या सांगण्यावरून उठली नाही. म्हणाली, “माह्या नवऱ्याले कोनी मारलं ते आयकल्याबिगर मी हलत नाई.”

भाऊजींनी बाटली दिली. डॉक्टरांनी हुंगली आणि त्यांना हसू आलं. मला त्या हसण्याचा राग आला.

ते म्हणाले, “हे साहेबलोकांच्या मिठाईत घालतात. ते याला नासपतीचा अर्क म्हणतात, कारण त्यांना तो वास नासपतीसारखा येतो. आपल्याला केळं वाटतं. पण यात नासपती नाही, आणि केळंही नाही. दारूच्या भट्टीत शेवटी एक घाणेरडं तेल राहतं, त्याच्या वासानं मळमळतं. ते तेल, शिरक्यातलं तेज आंबट आणि गंधकाचं तेजाब एकत्र तापवलं की हा वास तयार होतो.”

मग तहसीलदार म्हणाले, “झाडाशिवाय फळाचा वास? आम्ही तुमच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा?”

डॉक्टरांनी पेटी उघडली. म्हणाले, ते भट्टीचं तेल माझ्याजवळ नाही, पण त्याचं भावंड करून दाखवतो. काचेची नळी काढली. तीत दवाखान्यातली दारू ओतली, मग शिरक्याचं आंबट, मग तेजाबाचे थेंब, अगदी सांभाळून. खाली दिवा धरला. आधी नाकाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, हाजराबी, फळाचा वास सुटला. केळ्याचा नव्हे, पण त्याच्याच भाऊबंदातला. कुठल्या तरी पिकल्या गोड फळाचा. अंगणात ना झाड, ना पान, ना साल. काचेची नळी आणि दिवा. माणसं अशी मागे हटली, जणू नळीतून नाग निघाला. माझ्या अंगावर काटा आला तो अजून बसलेला नाही. देवानं झाडाच्या पोटात लपवून ठेवलेली गोष्ट या माणसानं आमच्यासमोर बोटभर काचेत करून ठेवली होती.

ते सांगू लागले, की झाडही हेच करतं, फक्त सावकाश. कच्च्या केळ्यात पीठ असतं आणि तुरट-आंबट असतं. पिकताना पिठाची साखर होते. साखरेतली थोडी दारूच्या वाटेनं जाते, फळातल्या आंबटाशी तिचं लग्न लागतं, आणि त्यातून जे जन्मतं त्याला आपण वास म्हणतो.

भाऊजी ओरडले, “वास कसा बनते ते नका सांगू. बाटलीत जहर हाये का नाई ते सांगा!”

डॉक्टरांनी पाण्याचा लोटा मागितला. निळ्या बाटलीतले थेंब त्यात टाकले आणि लोटा तोंडाला लावला. साऱ्यांच्या देखत प्यायले. आम्ही सगळे, मीसुद्धा, त्या पोराच्या मरणाची वाट पाहत उभे होतो. त्यानं मिशा पुसल्या आणि विचारलं, “कंदील आहे का?”

पेवावरची फरशी काढली. आतून वास आला तो आता कुजका होता, पण त्याच्या बुडाशी ती गोडी होतीच. पेटलेला कंदील दोराला बांधून खाली सोडला. सगळे वाकून पाहत होते. तळाच्या वर, गुडघाभर उंचीवर, ज्योत लहान झाली आणि विझली. वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला. वारा नाही, पाणी नाही. जणू कोणी खाली बसून फुंकर मारत होतं.

डॉक्टर म्हणाले, “जिथे दिवा जगत नाही तिथे माणूस जगत नाही. तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, आपल्यासारखाच. चांगली हवा आत घेतं, वाईट हवा बाहेर टाकतं. पिकताना तर धापा टाकल्यासारखं. त्यात तुम्ही गोवऱ्यांचा धूर कोंडला. ती वाईट हवा जड असते, तळाशी साचते. तिला वास नाही, रंग नाही. तुम्ही सगळे वासावर संशय घेऊन बसलात. वास बिचारा निरपराध आहे. मारलं ते त्याच्याखाली होतं.”

सासूबाई भिंतीपाशी बसल्या होत्या. इतक्या दिवसांत बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजे माह्या लेकाचा श्वास केळ्यायनं घेतला?”

डॉक्टर त्यांच्यापुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, “होय आजी. तसंच म्हणावं लागेल.”

सासूबाईंनी आपल्याच हातांकडे पाहिलं. पेव उघडलं त्या सकाळी पहिल्या टोपलीतलं केळं सोलून त्यांनी खाल्लं होतं.

तरी भाऊजी थांबेनात. “मंग हा कसा वाचला? ह्याले काहून नाई मारलं हवेनं?”

वाहेदभाई मान खाली घालून उभा होता. तेव्हा माझा पाय उंबऱ्याबाहेर कसा पडला मला ठाऊक नाही. तेरा दिवसही पुरे झाले की नाही असं ज्या बाईबद्दल गाव बोलतं, ती मी, साऱ्या पुरुषांसमोर, तहसीलदारासमोर जाऊन उभी राहिले. पदर सांभाळावा तर हात दाखवता येईना. मी हात दाखवले. दोरानं सोलले गेलेले तळवे, त्यावर खपल्या.

“मी ओढला त्याले,” मी म्हटलं. “तो ह्यायले काढाले उतरला. दोर मले देऊन उतरला. धोतराचा तुकडा त्याच्या मुठीत होता.”

“अन् मी होती संगं,” पार्बता खालूनच म्हणाली.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. रागानं नव्हे. माझ्या तोंडातून आवाज निघू शकतो हेच त्यांना पहिल्यांदा कळल्यासारखं.

तहसीलदारांनी वाहेदभाईचे हात सोडायला सांगितले. सोडता सोडता विचारलं, “ही बाटली तू कशासाठी ठेवली होतीस?” तो जमिनीकडे पाहत राहिला. म्हणाला, “माही हाये.” त्यापुढे एक शब्द नाही. दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा तेच.

तुझा माणूस सुटला, हाजराबी. बागेत एकटा आहे. सासूबाईंनी पार्बताकडून त्याला भाकर पाठवली. मी अजून गेलेली नाही.

मनकर्णा


फाल्गुन वद्य ५
बोरखेड

हाजराबी,

मी तुला आनंदाचं पत्र लिहिणार होते. आता जे लिहिते आहे ते ऐकताना शफीकभाईंना म्हण, मध्ये थांबू नका.

ह्यांची एक शिसवी पेटी होती, तिची किल्ली करगोट्याला असायची. कपडे गोरगरिबांना द्यायचे म्हणून मी ती उघडली. उपरण्याच्या घडीत निळी बाटली होती. अर्धी रिकामी. बूच काढायची गरज नव्हती, पण मी काढलं.

मी पेटीपाशीच बसून राहिले. किती वेळ ते कळलं नाही. सासूबाई बाहेर ओट्यावरून हाक मारत होत्या, ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याच कोणाच्या घरात चाललं आहे असं वाटत होतं.

आणि मग मला दिवाळीनंतरची एक दुपार आठवली. ह्यांनी एक केळं माझ्या नाकाशी धरलं होतं. “डोये मिट. सांग, कसं हाये?” काय घमघमाट! मी मिटल्या डोळ्यांनी दात लावला आणि जीभ तुरटानं आवळून गेली. पार हिरवं होतं. हे पोट धरधरून हसले. मीही हसले. मला वाटलं, नवरा थट्टा करतो आहे. हाजराबी, तो माझ्यावर करून पाहत होता.

बाटली पदराखाली घेऊन मी तुमच्या बागेत गेले. वाहेदभाई केळीचे बुंधे खणत होता. मी बाटली त्याच्यापुढे धरली. त्यानं कुदळ खाली ठेवली.

“कोनाची हाये खरी?” मी विचारलं.

“वहिनी, जाऊ द्या.”

“नाई जाऊ देत. तुमी कोठडीत पडले होते. फासावर गेले असते. सांगा.”

“मेलेल्या मानसाले आपली बाजू मांडता येत नाई,” तो म्हणाला. “मंग मी काहून मांडू त्याच्या इरोधात? अन् सांगतलं असतं त कोन मानलं असतं? म्हनले असते, पाहा, मेल्यावर बी त्याच्यावरच ढकलते.”

मी तिथेच बांधावर बसले. उठणार नाही म्हटलं. तेव्हा त्यानं सांगितलं.

तळावरच्या कोणा खानसाम्याकडून ह्यांनी बाटल्या घेतल्या होत्या. पिसानं तो अर्क हिरव्या घडांवर फिरवायचा आणि पिकला माल म्हणून द्यायचा. साहेबांचे नोकर झाकल्या टोपल्या नुसत्या हुंगून माल घेत. वाहेदभाईला कळलं तेव्हा तो भांडला. भागी मोडतो म्हणाला. मग तळावर एकदा चोरी पकडली गेली. सारी गाडी परत पाठवली, वर ताकीद दिली, की अमुक दिवसांत खरा पिकला माल आणा, नाहीतर पुन्हा पाय ठेवू नका. तोंड पाडून आले ते त्या दिवशी. पेवाची घाई त्यातून आली. दिवसभर उघडं ठेवा म्हटलं तेव्हा थांबले नाहीत ते त्यामुळे.

त्या सकाळी उतरण्याआधी ह्यांनी एक बाटली वाहेदभाईच्या हातात कोंबली होती. “फेकून दे. आता खरा माल हाये, आता नाई लागत.” त्यानं फेकली नाही. काच सुंदर होती, आपल्या लेकीला खेळायला नेऊ म्हणून गाठोड्यात टाकली. तुमच्या लेकीसाठी, हाजराबी.

मग ही दुसरी? विसरले होते की राखून ठेवली होती? वाहेदभाईला ठाऊक नाही. मला कधीच कळणार नाही. ज्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं एका ताटात जेवले तो त्या पेवात सुधारून उतरला की अर्धाच सुधारून, हे मला मरेपर्यंत कळायचं नाही. त्याच्या मरणानं मी हादरले होते. हे त्याहून निराळं आहे. तेव्हा पायाखालची फळी गेली होती, आता जमीनच पोकळ निघाली.

वाहेदभाईनं शेवटी हात जोडले. “भाऊजीले सांगू नका. मायले सांगू नका. त्याचं नाव राहू द्या.”

मी काही कबूल न करता उठले.

मनकर्णा


चैत्र वद्य २, शके १७८७
बोरखेड

हाजराबी,

मी सांगितलं. आधी सासूबाईंना, एकटीला. त्यांनी बाटली मागून घेतली आणि मुठीत धरून बसल्या. मग रामभाऊजींना, त्यांच्यासमोरच.

भाऊजी उसळले. “खोटं! त्या बागवानानं पढवलं तुमाले. माह्या मेलेल्या भावाची अब्रू काढता?” ते माझ्या अंगावर धावून आले असते. सासूबाईंनी त्यांची बाही धरली. म्हणाल्या, “पेटी उघडली तवा मी तिथीच होती. खाली बस.” आणि बाटली त्यांच्या हातावर ठेवली. मी चमकून सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

भाऊजी खाली बसले. मग एकदम ओट्यावरून उतरून निघून गेले. दोन दिवस घरी जेवले नाहीत. पुढे कळलं, मूर्तिजापूरच्या तळावर जाऊन त्या खानसाम्याला गाठून आले. परत आल्यावर कुदळ घेतली आणि पेव बुजवायला लागले. गडी मदतीला आले त्यांना हाकलून दिलं. एकट्यानं बुजवलं. तुमच्या बागेच्या वाटेनं दोनदा गेले आणि दोनदा कुंपणापासून परत फिरले, असं पार्बतानं पाहिलं. तिसऱ्यांदा आत गेले. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणी सांगत नाही. वाहेदभाईच्या हातच्या लोट्यानं पाणी पिऊन आले, एवढंच.

वाहेदभाई तुला बोलवायला येत नाही याचा तू राग धरू नकोस. त्याला लाज वाटते. कोठडीत राहिलेला माणूस सासऱ्याच्या दारात कसा उभा राहू, म्हणतो. मी म्हटलं, मी जाते. सासूबाई म्हणाल्या, मी जाते. तेव्हा भाऊजी गाडीला बैल जुंपत होते. मान वर न करता म्हणाले, “मी बोललो जहर म्हनून. मीच जाईन.”

म्हणून हे पत्र टपालानं नाही पाठवलं. ते रामभाऊजींच्या हातात दिलं आहे. त्यांना आत काय लिहिलं आहे ते माहीत आहे, पंतोजी लिहीत होते तेव्हा समोर बसून ऐकत होते. एक शब्द बदला म्हणाले नाहीत.

बोलणं त्यांना जमणार नाही. माफी कशी मागतात ते या घरातल्या पुरुषांना कोणी शिकवलेलं नाही. ते पत्र पुढे करतील आणि गप्प उभे राहतील. शफीकभाई त्यांना हाकलून देतील तर त्यांचा हक्क आहे. तू आत घेणार नसशील तर तुझाही आहे, मी तुला दोष देणार नाही, आणि भाऊजी तसेच रिकामी गाडी घेऊन परततील. येणार असशील तर लेकीला उन्हाचं डोक्यावर काही बांध. गाडीत गवताची गादी घातली आहे.

ते आत्ता तुझ्या दारात उभे आहेत, हाजराबी.

मनकर्णा